आमची वाटचाल: दोन लाख रोपं आणि एक मीटर

२००६ साली नारायणगावाजवळ दहा गुंठ्यांत बांबू रोवून, वर हिरवं शेडनेट ताणून आम्ही नवरा-बायकोने रोपवाटिका सुरू केली. तेव्हा आमच्या ओळखीतले बहुतेकजण गादीवाफ्यावरच टोमॅटोचं रोप टाकायचे. उपटताना निम्म्या मुळ्या वाफ्यातच राहायच्या आणि लागवडीनंतर आठवडाभर रोप मान टाकायचं. आम्ही कप्प्यांच्या ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरून रोप करायचो. ट्रेमधलं रोप खालून काडीने ढकललं की पांढऱ्या मुळ्यांनी धरलेला गड्डा अख्खा हातात येतो. एवढं पटवायला दोन हंगाम गेले. ‘नारळाच्या भुश्यात कुठं रोप येतं का?’ असं तोंडावर म्हणणारे आज महिनाभर आधी बुकिंग करतात.

रोपं करून द्यायला बियाण्याचं पहिलं पाकीट विश्वासाने हातात दिलं ते ओतूरच्या तात्यांनी.

पुढची वर्षं बरी गेली. दहाचे तीस गुंठे झाले. सांगायचं आहे ते २०१४ च्या जानेवारीचं.

उन्हाळी टोमॅटोचं बुकिंग भरलेलं, नेहमीच्या व्यापाऱ्याकडे भुसा नाही. म्हणून नव्या माणसाकडून दाबून केलेल्या भुश्याच्या पाच-पाच किलोच्या विटांची गाडी घेतली. ‘धुतलेला माल आहे, लो ईसी,’ म्हणजे क्षार कमी, असं त्याने छातीठोक सांगितलं. पाण्यात वीट छान फुगली, एकीचा सत्तरेक लिटर भुसा झाला. अठ्ठ्याण्णव कप्प्यांचे ट्रे भरले, खळगे पाडून बी टाकलं, थप्प्या लावून काळ्या कागदात गुंडाळल्या. चौथ्या दिवशी उघडलं तर उगवण विरळ. जे उगवलं त्याच्या पानांच्या कडा दहाव्या दिवसापासून करपायला लागल्या. मर रोग समजून आम्ही बुरशीनाशकाच्या आळवण्या करत राहिलो, त्यात चार दिवस गेले. शेवटी भाच्याने क्षार मोजायचा ईसी मीटर आणला आणि भुसा पिळून निघालेल्या पाण्यात बुडवला. २.८. रोपाला ०.५ च्या आसपास हवा. भुसा सगळा खारा होता.

दोन लाख रोपं उकिरड्यावर गेली. बी शेतकऱ्यांचं होतं, दहा ग्रॅमच्या पाकिटात तीनेक हजार दाणे. सोसायटीचं कर्ज काढून आणि माझ्या पाटल्या मोडून आम्ही प्रत्येकाचं पाकीट भरून दिलं. माल देणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. त्याहून वाईट म्हणजे शेजारच्या गावातल्या एका रोपवाटिकावाल्याने आमच्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, की यांनी चांगली पाकिटं विकून खाल्ली आणि जुनं बी पेरलं. कर्ज फिटलं. ते वाक्य मला अजून खुपतं. त्या हंगामात निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली, काही अजून परतलेली नाहीत.

तात्यांची सहा पाकिटं गेली होती. ते आले, ट्रे उचलून पाहिले आणि म्हणाले, “सूनबाई, मी नवी पाकिटं आणलीत. या खेपेला भुसा धुऊन घे. पाणी मी देतो.” आमच्या विहिरीला पाणी कमी होतं. पाच दिवस त्यांचा टँकर आमच्या दारात उभा होता. भाडं विचारलं तर उठून गेले.

तेव्हापासून एकही वीट न धुता वापरली नाही. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगते, साध्या पाण्याने सुटं मीठ जातं, पण भुश्याने धरून ठेवलेलं सोडियम आणि पोटॅश निघत नाही. कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भुसा रात्रभर भिजवा, कॅल्शियम त्यांची जागा घेतं, मग पुन्हा धुऊन निथळा. विहिरीच्या पाण्याचा ईसी आधी मोजा, तेच खारं असेल तर धुऊन काय होणार? ट्रे भरताना मूठ दाबून पाहा, बोटांतून एक-दोन थेंब आले की पुरे. आणि शेतकऱ्यांनो, स्वस्तात मिळतंय म्हणून चाळीस दिवसांचं लांबलेलं टोमॅटोचं रोप उचलू नका. बावीस ते पंचवीस दिवसांचं, दोन दिवस पाणी तोडून काटक केलेलं घ्या.

आता तात्यांचा नातू पाकिटं घेऊन येतो. भाच्याचा मीटर दोनदा बदलला, आकडे लिहायची वही तीच आहे. गाडी आली की ताडपत्री सोडण्याआधी मी एक वीट भिजवते, तोवर ड्रायव्हरला चहा. गेल्या आठवड्यात आकडा १.४ आला. गाडी परत पाठवली.