झिजलेला दात परत भरून येतो का?

सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न निरनिराळ्या वाटांनी येतो. कुणी म्हणतं, "मॅडम, गार पाणी तोंडात धरवंना झालंय." कुणी घरी आरशात बघून आलेलं असतं, पुढचे दात पिवळट दिसायला लागलेत, कडा पातळ होऊन आरपार दिसतायत. शेवटी सगळे तिथेच येतात: आंबटानं गेलेलं आवरण परत येतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते, गेलेलं येत नाही. इनॅमल, म्हणजे दाताचं हे वरचं कठीण आवरण, बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपलेल्या असतात. हाड जुळतं, कातडी भरून येते, इनॅमल नाही. मात्र नुसतं मऊ पडलेलं, अजून झडून न गेलेलं इनॅमल लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे पुन्हा घट्ट होऊ शकतं. फ्लोराइड त्याला मदत करतं. जे वाचवता येतं ते एवढंच, आणि त्यासाठी मी जीव तोडून सांगत असते.

ही कीड नव्हे. किडीत जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, इथे आम्ल थेट खाण्यापिण्यातून किंवा पोटातून येतं. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जहाल) शिकवावा लागत नाही, मातीचा आणि पाण्याचा सामू त्यांच्या रोजच्या बोलण्यातला. त्यांना मी सांगते, तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. लिंबाचा रस २ ते २.५, कोला २.५ च्या आसपास. आणि सामूत एका अंकाचा फरक म्हणजे आम्लता दहापट. यावर हमखास विचारतात, "मग ताक पण बंद करू?" मुळीच नको. ताक-दही आंबट असलं तरी त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं, त्यामुळे ते दातातून ओढून घेतलं जात नाही.

उपचाराआधी आम्ल येतंय कुठून ते शोधावं लागतं. वरच्या पुढच्या दातांच्या मागे छोटा आरसा धरला की बरंच कळतं. टाळूकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत, मधे इनॅमलखालचा पिवळा थर, डेंटिन, उघडा पडलेला आणि हिरडीलगत इनॅमलची बारीक कड तेवढी शिल्लक. असं दिसलं की मी विचारते, "काका, रात्री छातीत जळजळतं का? घशाशी आंबट येतं?" बहुतेकदा येत असतं. उशिरा भरपेट जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं. पोटातलं आम्ल लिंबापेक्षाही जहाल, त्यात झोपेत लाळ कमी सुटते. अशांना आधी फिजिशियनकडे पाठवते. दाढेत जुनी चांदी भरलेली असेल तर ती दाताच्या वर उठून दिसते. चांदी आहे तिथेच असते, भोवतीचा दात खाली गेलेला असतो.

झीज पुढच्या, ओठाकडच्या बाजूला असेल तर खाण्यापिण्याची चौकशी. सकाळी लिंबू-मध-पाणी, संध्याकाळी लिंबू सोडा, वजनासाठी व्हिनेगर. किती प्यायलं यापेक्षा किती वेळ दाताला लागत राहिलं हे महत्त्वाचं. तासभर घोट घोट घेण्यापेक्षा जेवणासोबत एकदम संपवलेलं बरं. आणि लिंबूपाणी पिऊन लगेच ब्रश करणं तर थांबवाच. मऊ झालेला थर ब्रशनं खरवडून निघतो. साध्या पाण्यानं चूळ भरा, निदान अर्धा तास जाऊ द्या. दात पांढरे करायला लिंबाची साल घासणारे आहेत, कोळशाची पूड लावणारे आहेत. मशेरीबद्दल तर मला रागच येतो. तो भाजलेला तंबाखू आहे, त्यानं तोंडाचा कॅन्सर होतो, आणि मऊ झालेल्या दातावर ती बोटानं घासणं म्हणजे उरलेलंही घालवणं.

घरी मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट, साधारण १००० पीपीएमची. थुंकल्यावर खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड दातावर राहू दे. दात सळसळत असतील तर पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट मिळते, पण ती दोन-चार दिवसांत गुण देत नाही, काही आठवडे लावावी लागते. दवाखान्यात मी फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातावर चिकटून राहणारा लेप, लावते.

"एकदाच कॅप बसवून टाका" असा आग्रह पुष्कळ जण धरतात. कॅपसाठी उरलेला चांगला दात घासावा लागतो, म्हणून जमेल तिथे मी कॉम्पोझिटनं, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणानं, बांधणी करते. त्यात दात जवळपास न कापता वर भर घालता येते, आणि पुढे टवका उडाला तर तेवढंच दुरुस्त करता येतं. झीज दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचून ठणका सुरू झाला असेल तर मात्र थांबत नाही, रूट कॅनाल करावं लागतं. पण नुसता दात सळसळतोय आणि जळजळीचं औषध आत्ताच सुरू झालंय, अशांना आधी वार्निश लावते, फोटो काढून ठेवते. सहा महिन्यांनी नवे फोटो जुन्यांशेजारी लावून बघते. झीज थांबलेली दिसली की मगच बांधणी करायची का ते ठरवते, कारण आम्ल येतच राहिलं तर भरलेल्याच्या कडेनं दात पुन्हा झिजायला लागतो.