शुक्रवारी पुरं होईल तेवढंच काम हाती घ्या

अमेरिकेत शाळांना सुट्टी लागली की चर्चच्या युवा गटांचे वर्क कॅम्प सुरू होतात. चौदा ते अठरा वयाची मुलं आठवडाभर एखाद्या शाळेच्या वर्गात हवेच्या गाद्या टाकून राहतात आणि दिवसभर गावातल्या घरांची डागडुजी करतात. मोडक्या पायऱ्या, कुजलेली लाकडी जमीन, पोपडे सुटलेला रंग, व्हीलचेअरसाठी रॅम्प अशी ही कामं. यातल्या कितीतरी घरांत स्थलांतरित कुटुंबं असतात. कुणी ग्वाटेमाला-होंडुरासहून आलेले, कुणी काँगो किंवा म्यानमारहून निर्वासित म्हणून आलेले, कुणी भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळीभाषक. आपली मराठी मुलंही शाळासोबत्यांबरोबर अशा कॅम्पना जातात आणि आईवडिलांपैकी कुणीतरी गाडी चालवायला, पुढे गटप्रमुख म्हणून जातं. हे लिखाण मुख्यतः त्या मोठ्यांसाठी आहे.

कॅम्प चांगला होणार की नाही हे बऱ्याच अंशी तीन आठवडे आधीच ठरतं, घर पाहायला गेल्यावर. पाच-सहा मुलं, दोन मोठी माणसं आणि सोमवार ते गुरुवार चार कामाचे दिवस. शुक्रवार आवराआवरीचा. एवढ्यात जे पुरं होईल तेवढंच कबूल करायचं. अर्धवट रॅम्प हा रॅम्प नसण्यापेक्षा वाईट, कारण तोवर जुन्या पायऱ्या तोडून झालेल्या असतात आणि घरातली आजी आतच अडकलेली असते. काम कमी घेतलं म्हणून कुठलंही कुटुंब नाराज होत नाही. अपुरं सोडून गेलेल्या गटाचं मात्र वर्षानुवर्षं बोललं जातं, आणि पुढच्या वर्षी त्या गल्लीत कुणी दार उघडत नाही.

कुठलं काम आधी, हे ठरवायला एक जुनी कसोटी आहे. टेक्स इव्हान्स नावाच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने १९६९ साली केंटकीच्या डोंगराळ भागात तरुण स्वयंसेवकांकडून घरदुरुस्तीचं काम सुरू केलं. त्यातून उभ्या राहिलेल्या ॲपलाचिया सर्व्हिस प्रोजेक्टचं ब्रीद आहे की घर अधिक उबदार, अधिक सुरक्षित आणि अधिक कोरडं व्हावं. (आपली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली तेही १९६९ सालच. एनएसएसच्या शिबिरात ज्यांनी फावडं हातात घेतलंय त्यांना या कॅम्पचा मूळ भाव सांगावा लागत नाही.) या कसोटीला लावलं की क्रम आपोआप लागतो. गळती आधी, रंग नंतर. हलणारा कठडा आधी, फुलांचे वाफे सगळ्यात शेवटी.

घर पाहताना पहिला प्रश्न भिंतीचा नाही, मालकीचा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी हवी, आणि त्या दुरुस्तीच्या नावाने भाडं वाढवणार नाही असं त्याच कागदावर लिहून घ्यावं. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या घरात, राहणाऱ्यांचा गुंता वेगळा असतो. घर त्यांच्या मालकीचं, पण खालची जागा भाड्याची. तिथे पार्कच्या, म्हणजे अशी घरं ठेवलेल्या वसाहतीच्या, व्यवस्थापकाची परवानगीही लागते. शिवाय जुन्या मोबाइल होममध्ये पायाखालच्या जमिनीला बऱ्याचदा भुशाचे दाबलेले तक्ते असतात. पाणी लागलं की ते फुगतात आणि बिस्किटासारखे मऊ पडतात. बाथरूमच्या दारात पाय दबत असेल तर नुसता वरचा तक्ता बदलून भागत नाही. आधी गळणारा नळ शोधावा लागतो, नाहीतर नवा तक्ताही कुजतो. अशा घराच्या पायऱ्या आणि रॅम्प घराला जोडू नयेत, आपल्या पायांवर स्वतंत्र उभे करावेत. ते घर थोडंफार हलतं, आणि त्याच्या बाजूच्या बारीक फळ्यांना रॅम्पचं ओझं पेलत नाही.

आता रॅम्प. मुलांच्या हातून होण्यासारखं आणि घराला लगेच उपयोगी पडणारं यासारखं दुसरं काम नाही, म्हणून त्यावर जरा थांबते.

उताराचं प्रमाण एकास बारा. एक इंच चढायला बारा इंच लांबी. अपंगांसाठीच्या अमेरिकन कायद्याचं हे माप सार्वजनिक जागांसाठी आहे, खासगी घराला ते बंधनकारक नाही, पण यापेक्षा तीव्र उतारावर म्हाताऱ्या माणसाला खुर्ची स्वतः ढकलता येत नाही आणि उतरताना ती आवरत नाही. उंबरा जमिनीपासून २१ इंच उंच असेल तर रॅम्प २१ फूट. वर दारापाशी पाच फुटांचा सपाट ओटा हवाच. बहुतेक घरांना जाळीचं बाहेर उघडणारं दुसरं दार असतं. ओटा अपुरा असला तर ते दार उघडताना खुर्चीला मागे, थेट उतारावर सरकावं लागतं. म्हणजे एकूण २६ फूट झाले. अंगणात एवढी सरळ जागा नसली तर मध्ये पाच बाय पाच फुटांचा सपाट टप्पा देऊन रॅम्प वळवायचा. रुंदी कठड्यांच्या आतून निदान ३६ इंच मोकळी, म्हणून सांगाडा ४८ इंचांचा धरला की हिशोब सोपा जातो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या उंची मोजताना. मुलं टेप घेतात, उंबऱ्यापासून खाली सरळ जमिनीवर धरतात, २१ इंच लिहून घेतात. पण अंगण क्वचितच सपाट असतं. रॅम्प जिथे संपणार तिथली जमीन आणखी चार इंच खाली असेल तर खरी उंची २५ इंच, आणि रॅम्प चार फुटांनी लांबतो. हे बुधवारी दुपारी लक्षात आलं की लाकूड कमी पडलेलं असतं. योग्य रीत अशी: उंबऱ्याच्या पातळीवर एक दोरी बांधायची, तिला छोटी पाणसळ अडकवायची, दुसऱ्या मुलाने दोरी २१ फुटांवर नेऊन ताठ धरायची. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की तिसऱ्याने त्या टोकाशी दोरीपासून जमिनीपर्यंत मोजायचं. जास्त भरलं तर नवी लांबी काढून तिथे पुन्हा मोजायचं. पाच मिनिटांचं काम आहे. ते घर पाहायला गेलेल्या दिवशीच करावं, सोमवारी नव्हे.

लाकूड कीड आणि बुरशी न लागणारं, औषध मुरवलेलं घ्यायचं. त्यातलं तांबं साध्या लोखंडी स्क्रूला खाऊन टाकतं, त्यामुळे स्क्रू या लाकडासाठी म्हणून विकले जाणारे जस्ताचा जाड लेप असलेले किंवा स्टेनलेसचेच हवेत. इथे काटकसर केली तर काही वर्षांत फळ्या सुटू लागतात. २१ फुटांच्या उतारावर साडेपाच इंची फळ्या सुमारे ४६ लागतात. खाली दर १६ इंचांवर एक अशा लांबीच्या चार तुळया, प्रत्येक तुळईवर दोन स्क्रू, म्हणजे फळीमागे आठ आणि एकूण ३६८. स्क्रू ४५० घ्या, कारण पहिल्या दिवशी मुलं बरेच वाया घालवतात. स्क्रू वाया जातो तो ड्रिल तिरपं धरल्यामुळे. मनगट सरळ, दुसरा हात ड्रिलच्या पाठीवर, शरीराचं वजन वरून, आणि मग बटण. स्क्रूचं डोकं चांदणीच्या खाचेचं असेल तर ड्रिल घसरत नाही. फळीच्या टोकाशी आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर फळी फाटते. लाकूड ओलं असेल तर फळ्या एकमेकींना चिकटवून बसवाव्यात. वाळल्यावर त्या आकसतात आणि हवी तेवढी फट आपोआप पडते. ओल्या फळ्यांत फट ठेवली तर हिवाळ्यापर्यंत काठीचं टोक आत जाईल इतकी रुंद होते.

कठडा ३४ ते ३८ इंच उंच. पण आकडा लिहून मोकळे होऊ नका, जिच्यासाठी तो आहे तिला उभं करून हात ठेवायला सांगा. दोन बाय चार इंची लाकडाची आडवी पट्टी दिसायला भक्कम असते, पण तिच्याभोवती बोटं वळत नाहीत. दीड इंचाचा गोल दांडा मुठीत बसतो. तो पॉलिश पेपरने घासून द्या, कुसळ राहता कामा नये.

खांबांसाठी खड्डे घ्यायचे असतील तर त्याआधी काही दिवस ८११ या क्रमांकावर फोन करावा लागतो. हा फोन फुकट असतो. माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांवर रंगाच्या खुणा करून जातात: तांबडा विजेचा, पिवळा गॅसचा, निळा पाण्याचा, नारिंगी फोन-केबलचा. शनिवारी आठवण झाली आणि सोमवारी खणायचंय, असं चालत नाही. कित्येक गट म्हणूनच खणत नाहीत, रॅम्पचे पाय जमिनीवर पाट्यांवर टेकवतात. बांधकामाची परवानगी लागते का, हे मात्र गावाच्या कार्यालयात विचारून ठेवाच.

गोल करवत आणि छप्पर ही अठराच्या आतल्या मुलांची कामं नव्हेत. नोकरीवरच्या मुलांना ही दोन्ही कामं संघीय कायद्याने मनाई आहेत, आणि चांगले कॅम्प स्वयंसेवकांनाही तीच रेघ लावतात. मापं, खुणा, ड्रिल, रंग, घासकाम, सामानाची ने-आण एवढं मुलांचं. कापायची जागा दोरीने वेगळी करा. घरातली लहान मुलं दिवसभर भोवती असणारच. त्यांना हाकलू नका, टेपचं दुसरं टोक धरायला द्या, पण दोरीच्या अलीकडे. उन्हात दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो न लागो. धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांतली आहे ना, हे निघण्याआधी बघा.

रंगाबद्दल थोडक्यात, पण हे चुकवू नका. १९७८ च्या आधीच्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासला की धूळ होते, आणि सहा वर्षांखालच्या मुलांच्या मेंदूला ती कायमची इजा करू शकते. पोटुशी बाई घरात असेल तर तिलाही धोका. आधी तपासणी करून घ्या. शिसं निघालं तर ते काम प्रशिक्षित माणसांकडे द्या आणि मुलांना दुसऱ्या कामावर लावा. स्थलांतरित कुटुंबं स्वस्तातलं म्हणून जुनं घर घेतात, त्यामुळे हा प्रश्न इथे वारंवार येतो. शिसं नसेल तर धुवा, खरवडा, अस्तर द्या, मग दोन हात. एक गॅलन एका हाताला साधारण ३५० ते ४०० चौरस फूट पुरतो. भर उन्हातल्या भिंतीवर रंग लावू नका. तो ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे उमटतात. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची.

रंग कुठला, हे घरातल्या बाईला विचारायचं. दुकानात उरलेला फिका पिवळा फुकट मिळाला म्हणून तोच लावायचा, हे बरोबर नाही. ते घर तिचं आहे, ती त्यात राहणार आहे.

विचारायचं म्हणजे भाषा आली. घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला दुभाषी करणं सोयीचं वाटतं, कारण तिला शाळेतलं इंग्रजी येतं. पण मग बापाच्या अडचणी, भाड्याची थकबाकी, आजीचं दुखणं, सगळं तिच्या तोंडून वदवलं जातं. परवानगीच्या आणि पैशांच्या गोष्टींना प्रौढ दुभाषी हवाच. इथे आपल्या मुलांची एक खास जागा आहे. २००८ पासून अमेरिकेत आलेल्या भूतानी निर्वासितांची भाषा नेपाळी, लिपी देवनागरी. त्यांच्यातल्या अनेक वडीलधाऱ्यांना हिंदी समजतं. ओहायो-पेनसिल्वेनियात त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत. आपल्या मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा महिना मोठ्याने वाचला, 'श्रावण', आणि मान किंचित लववून नमस्ते म्हटलं, की आजोबांचा चेहरा बदलतो. दारात चपला काढायच्या हे आपल्या मुलांना शिकवावं लागत नाही. बाकीच्यांना त्यांनी सांगावं. आत जाड बूट घालूनच काम करावं लागत असेल, तर बुटांवर घालायची कापडी आवरणं बरोबर ठेवा.

कुटुंबाने जेवायला दिलं तर बसून जेवा. कॅम्पचे सँडविचचे डबे गाडीत राहू देत. घर मुस्लिम असेल तर डुकराचं मांस डब्यातही नको. मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला बसवणं तर कधीच नको. कॅम्पच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना कॅम्पच्या जागी होतात, त्या दुसऱ्याच्या ओसरीवर न्यायच्या नसतात. आपल्या हिंदू मुलांनी तिथे कसं वागायचं, शांत बसायचं की बाहेर थांबायचं, हे आयोजकांशी आधीच बोलून घ्या. बहुतेक जण समजून घेतात.

कागदपत्रं कुणाची काय आहेत, हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारायचा नाही. अर्जात नाव, फोन, काम आणि घराची मालकी पुरेशी. शाळा, चर्च, दवाखान्यांत इमिग्रेशनची कारवाई टाळायचं जुनं धोरण जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने मागे घेतलं, आणि तेव्हापासून अनोळखी गाडी दारात उभी राहिली तरी माणसं धास्तावतात. म्हणून आदल्या दिवशी फोन करून कोण, किती वाजता, कुठल्या रंगाच्या गाडीतून येणार ते सांगा. दारावर कुणी आलं तर मुलांनी दार उघडायचं नाही, ते काम घरच्यांचं. फोटो काढायचेच तर रॅम्पचे आणि आपल्या गटाचे. घराचा क्रमांक, गाडीची नंबरप्लेट, कुटुंबातल्या मुलांचे चेहरे नकोत. कॉलेजच्या अर्जात सेवेचे तास लिहायला काहीच हरकत नाही, मुलांनी घाम गाळलेला असतो. दुसऱ्याच्या घरची गरिबी त्या निबंधात सजवून मांडणं मात्र मला पटत नाही, आणि आईवडिलांनी ते लिखाण पाठवण्याआधी वाचावं.

शुक्रवारी खिळे-स्क्रू वेचायला अंगणात चुंबक फिरवा, गवतात बरेच सापडतात. उरलेल्या रंगाच्या डब्यावर कुठल्या भिंतीचा ते त्यांच्या भाषेत लिहून डबा त्यांच्याकडे द्या. रॅम्पवरून खुर्ची एकदा रिकामी, एकदा बसवून, वर-खाली नेऊन पाहा. आणि कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरचा एक शनिवार आत्ताच राखून ठेवा. तोवर लाकूड वाळून आकसलेलं असतं, स्क्रूची डोकी वर आलेली असतात आणि कठड्याचे एक-दोन बोल्ट सैल पडलेले असतात. एक पाना, एक ड्रिल आणि दोन मुलं गेली तर तासाभरात होतं.