तुम्ही विचारलंत म्हणून: टेक्निकल रायटिंगमध्ये शिरायचं कसं?

डिचोलीच्या बाजारात, लग्नात, चवथीला घरी आलेल्या पाहुण्यांत, प्रश्न ठरलेला. आमच्या मुलीचं इंग्लिश चांगलं आहे, तिला तुझ्यासारखं टेक्निकल रायटिंग करायचंय, कुठला कोर्स करू दे? मी दरवेळी काहीतरी तोकडं सांगून सुटते. आज नीट सांगते.

इंग्लिश चांगलं आहे हे कारण आता मला ऐकवत नाही, कारण मीही त्याच भरवशावर आले. बी.ए. झालेलं, 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, बाबांचा ट्रक दारात उभा आणि बँकेचे हप्ते चालू, तेव्हा वेर्ण्याला पॅकिंग मशीन बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मॅन्युअल लिहायला माणूस हवा होता म्हणून गेले. इंजिनिअर नोट्स द्यायचे, मी त्यांची भाषा सुधारायचे. आठ महिन्यांत मशीनजवळ फार तर चारदा गेले असेन.

पाऊच अडकला तर काय करायचं, त्याचं ते पान. पायरी 4, गार्ड उघडा. पायरी 5, अडकलेला पाऊच ओढून काढा. आणि त्यानंतर चौकटीत इशारा, की आधी मेन स्विच बंद करा, सीलिंग जॉ, म्हणजे पाऊच दाबून चिकटवणारे जबडे, गरम असतात. ती चौकट पानात मावली नाही, पुढच्या पानावर गेली. मला ते दिसलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दिसलं, आणि वाटलं, पुढच्याच पानावर तर आहे, वाचतील.

ज्यांनी मशीन घेतलं त्यांनी तेवढ्या एकाच पानाची झेरॉक्स काढून, लॅमिनेट करून मशीनला चिकटवली होती. ऑपरेटरची दोन बोटं जॉमध्ये सापडली, भाजली आणि चिरडलीही. सर्व्हिस इंजिनिअरबरोबर मला तिथं पाठवलं तेव्हा तो हाताला बँडेज बांधून स्टुलावर बसलेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं चांगल्या हातानं ते पान दाखवलं आणि म्हणाला, "बाय, तुज्या पुस्तकांत अशेंच बरयलां मगो." तुझ्या पुस्तकात असंच लिहिलंय ना.

गार्ड उघडल्यावर मशीन आपोआप थांबायला हवं होतं, तिथल्या कुणीतरी इंटरलॉक बायपास केला होता, तो माझा दोष नाही. पायऱ्यांचा क्रम इंजिनिअरचा, रिव्ह्यूवर तिघांच्या सह्या. हे सगळं खरं आहे आणि मी ते अनेकांना अनेकदा सांगितलंय. पण माणूस अडकलेला पाऊच काढताना पान उलटत नाही, हे कळायला मशीनसमोर एक दुपार उभं राहणं पुरलं असतं, आणि मी एसीत बसून कॉमा बघत होते.

नियम मला त्यानंतर कळले. विमानांच्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी बनवलेलं एएसडी-एसटीई100 नावाचं सोप्या इंग्लिशचं स्टँडर्ड आहे, फुकट मागवता येतं. त्यात सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं. इशारा कृतीच्या आधी द्यायचा, ही तर कुठल्याही चांगल्या मॅन्युअलची पहिली अट. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्सही फुकट आहेत. मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत), गिट (फायलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) ही सॉफ्टवेअरकडे जायचं असेल तर लागतील, थोडे दिवस बसलं की जमतात. त्याची भीती बाळगू नका.

यंदा चवथीला एका मावशींच्या मुलीला मी सांगितलं, घरातला पाण्याचा पंप कसा चालू करायचा ते लिही, कागद आजीच्या हातात दे, गप्प बस आणि ती कुठं अडते ते बघ. अडली की तिला समजावू नकोस, कागद बदल. मावशी म्हणाल्या, ते ठीक गं, पण कोर्स? म्हटलं, कोर्सही करू दे.

मी केला असता तर ती चौकट वर घेतली असती का, यावर माझं माझ्याशीच अजून भांडण चालतं. कधी वाटतं हो, कुणीतरी नियम शिकवला असता. कधी वाटतं, दिसलं तर होतंच मला.