मतदानच न झालेलं विधेयक

३१ जानेवारी २०२२ हा दिवस मला अजून सलतो. कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीत, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात, एबी १४०० हे विधेयक त्या दिवसापर्यंत मंजूर व्हायला हवं होतं. राज्यातल्या प्रत्येकाची डॉक्टरची, हॉस्पिटलची, औषधांची बिलं एकाच सरकारी निधीतून भरायची, अशी ती योजना. इथे तिला सिंगल पेअर म्हणतात. विधेयक आमच्या सॅन होजेचे आमदार ॲश कालरा यांचं. ८० पैकी ४१ मतं हवी होती, आणि त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे दोन-तृतीयांशाहून जास्त जागा होत्या. तरी मतं जमत नाहीत म्हणून त्यांनी ते मतदानाला मांडलंच नाही. मुदत संपली, विधेयक गेलं. आपल्या आमदाराने काय केलं असतं, हे मतदारांना कळलंच नाही.

विरोधकांचा सगळा भर खर्चावर होता. विधिमंडळातल्या विश्लेषणानुसार वर्षाला ३१४ ते ३९१ अब्ज डॉलर. त्यासाठी वेगळी घटनादुरुस्ती सुचवली होती: २० लाख डॉलरवरच्या व्यावसायिक उलाढालीवर २.३ टक्के, ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पगारखर्चावर १.२५ टक्के, शिवाय जास्त उत्पन्नावर अधिभार. आकडे ऐकून छाती दडपते, हे मलाही मान्य आहे. पण हा पैसा आज कोण भरतं, हे त्या चर्चेत फारसं कुणी विचारलं नाही.

मला ते कळलं नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा. नोकरी सुटली की कोब्रा नावाच्या कायद्याखाली जुनाच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो. मात्र कंपनी भरत होती तो वाटाही आपणच भरायचा, वर २ टक्के. पगाराच्या स्लिपवर दरमहा पाच-सहाशे डॉलर कापलेले दिसायचे. कोब्राच्या पत्रात अडीच हजारांच्या वर रक्कम होती. मुलाला टाइप १ मधुमेह आहे, इन्सुलिन एक दिवसही चुकवता येत नाही. बचतीतून भरत राहिलो. एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांची तर दुहेरी कोंडी: ६० दिवसांत नवी नोकरी शोधायची, आणि नेमका त्याच काळात विमाही हातातून निसटतो.

आमचं घर काही अपवाद नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ कर्मचारी भरतो, उरलेले १९ हजारांवर कंपनी. ते पैसे अखेर आपल्याच पगारवाढीतून जातात, असं बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात. म्हणून कराचा आकडा सांगणाऱ्याने शेजारी हाही आकडा लिहिला पाहिजे.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एक काका मला म्हणाले, "अगं, कॅनडात ऑपरेशनसाठी महिनोन्महिने थांबावं लागतं." खरं आहे. पण अशा सरकारी योजनेची तिथेही सुरुवात एका प्रांतानेच केली. सास्कॅचवानने १९६२ मध्ये ही योजना लागू केली तेव्हा डॉक्टर २३ दिवस संपावर गेले होते. दहा वर्षांत सगळे प्रांत त्यात आले.

काकांच्या मुद्द्यापेक्षा मला अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्याच्या अनुभवाची धास्ती जास्त वाटते. २०११ मध्ये गव्हर्नर पीटर शमलिन यांनी तिथल्या सिंगल पेअरच्या कायद्यावर सही केली आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनीच योजना सोडून दिली. हिशेब मांडल्यावर कंपन्यांवर ११.५ टक्के पगारकर आणि लोकांवर ९.५ टक्क्यांपर्यंत आयकर बसत होता. पैसे कुठून येणार हे कायद्यानंतर साडेतीन वर्षांनी सांगितलं, तर लोक बिथरणारच. शिवाय राज्याचे हात बांधलेले आहेत. मोठ्या कंपन्या स्वतःच्या पैशातून चालवतात त्या विमा योजनांना १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्यामुळे राज्य हात लावू शकत नाही. मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या विम्याचा, पैसा राज्याच्या निधीत वळवायला वॉशिंग्टनची परवानगी लागते. ही परवानगी मिळवण्याच्या दिशेने पाऊल म्हणून कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये एसबी ७७० हा कायदा केला.

या अडचणींवर सभागृहात भांडा ना! कुणी उभं राहून म्हणावं, एरिसामुळे हे कोर्टात टिकणार नाही, म्हणून माझं मत विरोधात. मी त्या आमदाराचा आदर करीन. पण २०१७ मध्ये राज्याच्या सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, मंजूर केलेलं अशाच योजनेचं विधेयक, एसबी ५६२, असेंब्लीच्या सभापतींनी अडवून ठेवलं, २०२२ मध्ये मतदान झालं नाही, आणि २०२४ मध्ये कालरांचं पुढचं विधेयक, एबी २२००, खर्चाच्या समितीतच थांबलं. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी आता आधी हेच विचारते: हे विधेयक पुन्हा आलं तर ते मतदानाला आणा अशी मागणी तुम्ही जाहीरपणे कराल का?