रविवारी, मेगाब्लॉक असताना, थेट

‘आधी रेकॉर्ड करून ठेवा ना! दर रविवारी जिवाला घोर कशाला?’ आमच्या कम्युनिटी रेडिओवर मी भजनी मंडळांचा थेट कार्यक्रम करते, तेव्हा हा प्रश्न ठरलेलाच. विचारलंत म्हणून सांगते.

घोर असतो, नाही म्हणत नाही. रविवार म्हणजे मुंबईच्या लोकलचा मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा उशिरा. बुवा डोंबिवलीचे, पखवाजवाला नालासोपाऱ्याचा, कोरसवाले लालबाग-परळचे. पखवाज घेऊन माणूस लगेजच्या डब्यात उभा आणि गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये, हे आमच्याकडे नित्याचं.

असंच एकदा वेळ झाली तेव्हा खोलीत फक्त बुवा आणि त्यांची पेटी, म्हणजे हार्मोनियम. बुवा मुरलेले. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, समोरच्या बुवाला आयत्या वेळी उत्तर द्यायची सवय, त्यामुळे डगमगले नाहीत. सगळ्यांनी मिळून म्हणायचा गजर मागे ठेवून त्यांनी संथ चालीत गवळण धरली. अर्ध्यात पखवाजवाला घामाघूम होऊन आत आला. चपला दाराबाहेर, पिशवीतून कणकेचा डबा बाहेर. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक थापून तो अंगठ्याने दाबत राहिला, मधूनच एक हलकी थाप मारून कान देई. बुवांनी ते पाहिलं आणि तीच ओळ घोळवत ठेवली, दर खेपेला थोडी वेगळी. मग कणीक बसली, मान हलली, ठेका आला. त्यानंतर फोन आला तो एका आजींचा: ‘आता कसं भरल्यासारखं वाटतंय!’ रेकॉर्डिंग असतं तर ती मिनिटं मी स्वतःच कापली असती. शिवाय रेकॉर्डिंग म्हटलं की ‘परत एकदा घेऊ या’ सुरू होतं, आणि चौथ्या टेकला सगळं बरोबर असून गाणं मात्र सपाट झालेलं असतं.

तांत्रिक अडचणीही आहेतच. एसीची घरघर माइकमध्ये येते म्हणून तो बंद करायचा. मग मुंबईची दमट हवा पखवाजाचा सूर उतरवते आणि दोन अभंगांच्या मध्ये हातोडी ऐकू जाते. जाऊ दे. झांजवाल्याला मात्र मी दारापाशी बसवते, नाहीतर सगळं झांजेखाली जातं. (पेटी बुवांच्या मांडीजवळ असते, तिला वेगळा माइक. याच पेटीला आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत दार बंद ठेवलं होतं, हे सांगितलं की बुवा नुसते हसतात.)

आणि हे ऐकतं कोण? आमच्यासारख्यांना 100 वॉटची परवानगी. कागदावर 5 ते 10 किलोमीटर, प्रत्यक्षात एखादा टॉवर आडवा आला की त्यामागे खरखर. पण कम्युनिटी रेडिओच्या 2006 च्या सरकारी धोरणातच म्हटलंय की निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावा. या मंडळांपैकी बऱ्याच जणांची एकही ध्वनिफीत निघालेली नाही. तयार काही वाजवायचं म्हटलं, तर यांचं वाजवणार काय?

थेट सगळंच चालतं असं नाही. ड्रमसेटवाला बँड आमच्या खोलीत मी घेत नाही. भिंती थरथरतात आणि शब्द कळत नाहीत. सिनेमाच्या चालीवरचे अभंगही नको म्हणते. डबलबारीत त्यांना टाळ्या पडतात, पण तुकोबांचे शब्द सर्वांचे असले तरी चाल कुणाच्या तरी हक्काची असते, आणि ते पैसे भरण्याइतकी आमची ऐपत नाही. यावर बुवा रुसतात. रुसू देत.

तुमचं मंडळ यायचं म्हणत असेल तर पारंपरिक चाली बसवून या, झांजेची एकच जोडी आणा, आणि प्रक्षेपणाला हरकत नसल्याच्या कागदावर सगळ्यांनी सही करा, कोरससकट. मानधन नाही. प्रवासखर्च आणि चहा आमच्याकडून.