तुम्ही विचारलंत म्हणून : वृद्धाश्रमात हातांना काय काम द्यावे?

निवृत्तीनंतर मी सातारा जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमात हस्तकलेचा तास घेतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडून एक प्रश्न मला वारंवार येतो. विचारणारे कधी महिला मंडळाचे असतात, कधी महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले, तर कधी आईला नुकतेच आश्रमात ठेवलेली एखादी मुलगी. आजी-आजोबांना बसल्या जागी करता येतील अशा सोप्या वस्तू कोणत्या, असे त्यांना विचारायचे असते आणि बहुतेकांना यादी हवी असते. यादी देण्यापूर्वी मी एक कसोटी सांगतो, कारण ती लावली की निम्मी यादी आपोआप गळून पडते : वस्तू तयार झाल्यावर ती कोण वापरणार आहे, हे काम सुरू करतानाच सांगता आले पाहिजे.

मी शाळेत बरीच वर्षे कार्यानुभव शिकवला. आईस्क्रीमच्या काड्यांचे घर, घोटीव कागदाची फुले, थर्माकोलचा देखावा या वस्तू दहा वर्षांच्या मुलाला आनंद देतात, कारण त्याला हात चालवायला शिकायचे असते. ज्या माणसाने चाळीस वर्षे गिरणीत पाळी केली, किंवा ज्या बाईने खटल्याचे घर सांभाळले, तिच्यापुढे रंगवण्यासाठी सशाचे चित्र ठेवले तर ती माणसे सौजन्याने ते रंगवतात आणि पुढच्या आठवड्यात गुडघा दुखतो म्हणून खोलीतच बसून राहतात. गुडघा खरोखरच दुखत असतो, पण गेल्या आठवड्यातही तो दुखतच होता.

म्हणून माझ्या यादीत पहिले काम वातींचे आहे. आमच्या आश्रमाच्या गावात विठ्ठलाचे देऊळ आहे आणि कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तेथे पहाटे काकड आरती चालते. तेवढ्या दिवसांच्या फुलवाती आश्रमातून जातात, आणि वाती संपत आल्या की पुजारी निरोप धाडतात. त्या निरोपाने आमच्या सभागृहात जी लगबग उडते, ती कोणत्याही कौतुकाच्या भाषणाने उडणार नाही. फुलवात करताना कापसाचा चिमूटभर पुंजका चपटा करायचा, त्याचे मध्य चिमटीत धरून वर ओढायचे, आणि बोटाला दुधाचा थेंब लावून ते टोक वळायचे, म्हणजे खाली फूल आणि वर देठ उभा राहतो. या कामाला ना नजर फार लागते, ना ताकद. मोतीबिंदूने धूसर दिसणाऱ्या आजी सुद्धा केवळ स्पर्शावर वाती करतात. समईच्या लांब वाती तळहातावर किंवा मांडीवर वळाव्या लागतात. त्या मात्र खांदा आखडलेल्यांना जमत नाहीत. पांढरा कापूस पांढऱ्या टेबलावर दिसत नाही, म्हणून खाली गडद निळे किंवा काळे कापड अंथरावे. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर सगळा कापूस आढ्याला लागतो. त्यामुळे हे काम वैशाखात काढू नये, आषाढ-श्रावणात काढावे. दम्याचा त्रास असलेल्यांना कापसाजवळ बसवू नये.

तरीही प्रत्येक बाईला वाती आवडतील, असे धरून चालू नये. एका आजींनी माझ्या हातातला कापूस शांतपणे बाजूला सारला आणि म्हणाल्या, “सर, हे तेवढं नको. माझी आत्या नवव्या वर्षी विधवा झाली आणि जन्मभर कोपऱ्यात बसून वातीच वळत राहिली.” आपल्याकडे जुन्या घरांत विधवेच्या वाट्याला येणारे हे ठरलेले काम होते, आणि ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना त्याची आठवण कापसाबरोबर येणारच. तसेच गौरी-गणपतीसाठी कापसाची वस्त्रमाळ करताना तिला कुंकवाची बोटे लावायची असतात, तेव्हा काही आजी आपण होऊन मागे सरतात. अशा वेळी त्यांना आग्रह करणे किंवा सुधारणेचे व्याख्यान देणे, दोन्ही टाळावे. काय करायला आवडेल, एवढेच विचारावे. त्या आजींनी लोकर मागितली. त्यांचे विणकाम आमच्या येथे सर्वांत सफाईदार आहे.

दुसरे काम गोधडीचे. पूर्ण आकाराची गोधडी जमिनीवर पसरून शिवतात आणि आमच्यापैकी फारच थोड्यांना खाली बसता येते, म्हणून आम्ही तान्ह्या बाळाची दुपटी शिवतो. मीटरभर लांबी-रुंदीचे दुपटे टेबलावर मावते आणि चारही बाजूंनी चौघी बसू शकतात. जुने सुती लुगडे किंवा धोतर आत, बरे कापड वर, आणि सगळीकडे धावदोरा. कापड जुने आणि अनेकदा धुतलेलेच घ्यावे, कारण नव्या कापडाच्या खळीतून सुई ओढताना संधिवाताची बोटे दुखतात. दोरा कापडाच्या रंगाच्या उलट असावा, म्हणजे टाका दिसतो. सुईत दोरा ओवण्याचे काम आम्ही स्वयंपाकघरातील मदतनीस मुलीकडून आधीच करून घेतो; डझनभर सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या की तासभर कोणी अडून राहत नाही.

येथे मला एक गोष्ट पाहायला मिळाली. स्मृतिभ्रंश झालेल्या एका आजींना मुलाचे नाव आठवत नाही, जेवण झाले की नाही हेही सांगता येत नाही. परंतु दुपट्याचा कोपरा आला की त्या सुई थांबवतात, कापडाची घडी आत वळवतात, अंगठ्याच्या नखाने ती घोटतात आणि मगच पुढचा टाका घालतात. असे करायला त्यांना कोणी सांगितलेले नसते आणि सांगूनही ते इतके चोख झाले नसते. हाताने आयुष्यभर केलेली कामे नावे-गावे विसरल्यानंतरही बराच काळ टिकून राहतात, असे डॉक्टरही सांगतात. म्हणून अशा व्यक्तीला नवे काही शिकवण्याच्या भरीस न पडता, तिचे हात कोणत्या कामावर बसलेले होते याची चौकशी नातेवाइकांकडे आधी करावी. शेंगा फोडणे, मेथी निवडणे, पितळेची भांडी चिंचेने घासणे यांना कोणी हस्तकला म्हणत नाही, पण त्या तासाला ती कामेही चालतात.

पुरुषांचा प्रश्न वेगळा आहे. वाती आणि शिवण म्हटले की बहुतेक आजोबा वर्तमानपत्र उघडतात. त्याच वर्तमानपत्राच्या पिशव्या करणे हे त्यांना मानवणारे काम निघाले, कारण त्यात मोजमाप आहे, पट्टी आहे, आणि शेजाऱ्याची घडी वाकडी आहे असे म्हणण्याची सोय आहे. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यानंतर गावातील औषधाचे दुकान आणि फुलवाला आमच्या पिशव्या नेऊ लागले. खाद्यपदार्थांसाठी मात्र आम्ही त्या देत नाही. छपाईची शाई अन्नाला लागणे बरे नव्हे. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ घरीच शिजवावी. कीड लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत असत, ते विष आहे; ते अजिबात घालू नये आणि खळ रोज ताजी करावी. कोणी विसरून बोट चाटले तरी मग भीती राहत नाही.

आणखी एक काम अनपेक्षितपणे चालले, ते टकळीवर हाताने सूत कातण्याचे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत उद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना पुढे आली आणि त्यानंतर आपल्याकडच्या कित्येक प्राथमिक शाळांत सूतकताई शिकवली जात असे. त्यामुळे आज ८५ वर्षांच्या आसपास असलेल्या पुष्कळ आजोबांच्या बोटांना पेळू, म्हणजे कातण्यासाठी केलेली कापसाची वळी, ओळखीचा आहे. सुरुवातीला धागा सारखा तुटतो, मास्तरांच्या छड्यांची उजळणी होते, आणि मग हात लागतो.

सणांचा उपयोग असा, की ते मुदत घालून देतात. दिवाळीपूर्वी कामट्या तासून आकाशकंदील, दसऱ्याला झेंडूची तोरणे, नाताळापूर्वी आमच्यातील ख्रिस्ती बाईंच्या देखरेखीखाली गव्हाणीचा देखावा, पौषात हलव्याचे दागिने. हलव्याचे दाणे दोऱ्याच्या गाठीत अडकवून हार, बाजूबंद, बाळासाठी मुकुट असे प्रकार होतात आणि गावातील पहिल्या संक्रांतीच्या सुना व बोरन्हाणाची बाळे ते घालतात. हार पुरा होईपर्यंत निम्मा हलवा मधुमेह्यांच्या पोटात जातो, ही या कामातील खरी अडचण आहे. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांच्यापुढे तर हलवा किंवा मणी ठेवूच नयेत.

सुरक्षिततेविषयी एवढे ध्यानात ठेवावे की मधुमेहाने बोटे बधिर झालेल्यांना सुई टोचलेली कळत नाही, आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांचे रक्त लवकर थांबत नाही. कोणाला काय चालू आहे, हे परिचारिकेला आधी विचारावे. हात थरथरत असेल तर कोपर टेबलावर टेकेल अशी खुर्ची द्यावी आणि साहित्याच्या ताटलीखाली ओले फडके ठेवावे, म्हणजे ती सरकत नाही. अर्धांगवायूने एक हात गेलेल्या माणसाला कागद धरून ठेवण्यासाठी पाट्यासारखे जड काही दिले की त्याचे काम अडत नाही. वेळ सकाळची, न्याहारीनंतरची निवडावी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची चलबिचल सायंकाळी वाढते.

पाहुण्या मंडळींना मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते ते हे, की आजींचे वाकडे टाके त्यांच्या पाठीमागे उसवून नीट करू नका. टाके वाकडे असले तरी दुपट्याची ऊब कमी होत नाही, आणि उसवलेले त्यांना कळते. वाढदिवसाला केक घेऊन यायचे, कागदी फुले करून घ्यायची, फुलांसह छायाचित्र काढायचे आणि फुले तेथेच टाकून जायचे, हा प्रकार तर बंदच व्हावा. ज्यांना काही करायचे नाही त्यांना नुसते बसू द्यावे. आमचे एक आजोबा कशालाही हात लावत नाहीत. ते पिशव्यांचे शेकडे मोजतात आणि हिशेबाची वही ठेवतात, आणि वहीतील आकड्यावर कोणी शंका घेतलेली त्यांना खपत नाही.

विक्रीतून पैसे आले तर त्यांचे काय करायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. आमच्या मंडळींनी एकदा कूलरसाठी वर्गणी धरली आणि एकदा सगळ्यांसाठी बासुंदी मागवली. पहिल्या भेटीला जाताना पाव किलो कापूस, दोन जुनी सुती लुगडी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, बोथट टोकांच्या कात्र्या आणि एक वही एवढे पुरे. सुया नेल्या असतील तर देताना मोजून द्या, निघताना मोजून घ्या, आणि एखादी कमी भरली तर ती सापडेपर्यंत कोणालाही खुर्चीवरून उठू देऊ नका.