जळालेला पार्ट कोणता होता, हे कसं ओळखता?

जळालेला सर्किट बोर्ड दुरुस्तीला घेऊन येणारी गिऱ्हाइकं आणि काम शिकायला येणारी पोरं, दोघंही मला हेच विचारतात. पार्टचा कोळसा झालाय, नंबर नाही, रंग नाही, मग तिथे काय होतं ते कळतं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: जळालेल्या पार्टपेक्षा त्याच्या शेजाऱ्यांकडून जास्त कळतं.

आधी मेनचा मोठा कपॅसिटर डिस्चार्ज करायचा. त्यात 325 व्होल्टपर्यंत डीसी साठलेलं असतं. मग काजळी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने काढायची. खाली छापलेलं अक्षर बहुतेक वेळा सापडतं: आर असेल तर रेझिस्टर, डी असेल तर डायोड, क्यू असेल तर ट्रान्झिस्टर. त्यावरून जात कळते, व्हॅल्यू नाही. रेझिस्टरवरच्या उरल्यासुरल्या पट्ट्यांवर मी विश्वास ठेवत नाही. भाजल्यावर लाल, नारिंगी आणि तपकिरी सारखेच दिसतात.

खरं काम ट्रॅक बघण्याचं. वॉशिंग मशिनचा बोर्ड घ्या. फेज आत येते तिथला, डायोडच्या आधीचा रेझिस्टर फुटलाय. ट्रॅक धरून पुढे गेलं की डायोड, कपॅसिटर आणि मग एक लहान आयसी, म्हणजे सप्लाय बनवणारी चिप, लागतो. त्यावर एलएनके 304 वाचता आलं, की निम्मं काम झालं. त्याच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, 12 व्होल्ट सप्लायचं नमुना सर्किट आहे आणि नेमक्या याच जागी 8.2 ओहम, 2 वॅटचा फ्युजिबल रेझिस्टर दाखवलाय. तुमच्या बोर्डवर आकडा थोडा वेगळा असू शकतो, पण तिथे किलोओहमचा रेझिस्टर नव्हता एवढं नक्की. आणि फ्युजिबलच्या जागी साधा टाकू नका. जास्त करंट आला तर आधी त्यानेच तुटावं म्हणून तो तिथे असतो.

तो कशामुळे तुटला, हे विचारल्याशिवाय नवा लावण्यात अर्थ नाही. आयसीच्या ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमध्ये मीटर लावा. शून्याच्या आसपास दाखवलं तर आयसी शॉर्ट आहे आणि नवा रेझिस्टरही लगेच जाणार. तसंच निळ्या चकतीच्या एमओव्हीचं, म्हणजे जादा व्होल्टेजपासून बोर्ड वाचवणाऱ्या पार्टचं. न्यूट्रल तुटून घरात 400 व्होल्टच्या आसपास आले की तो फुटतो, कधी नुसते पाय उरतात. त्याच्यावरचं 10डी471 म्हणजे 10 मिलिमीटर व्यास आणि 470 व्होल्ट; 400 व्होल्ट एसीचं शिखर याच्याही वर जातं.

पाण्याचा व्हॉल्व्ह आणि ड्रेन पंप चालू-बंद करणाऱ्या ट्रायॅकजवळचा (ट्रायॅक म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) रेझिस्टर जळाला असेल तर मला आनंदच होतो, कारण ती सर्किटं बहुधा एकाच साच्यातली असतात. शेजारच्या चांगल्या सर्किटमधला तोच पार्ट एक पाय सोडवून मोजला की उत्तर हातात. डेटाशीट शोधण्याआधी मी हेच करतो.

बोर्ड स्वतः काळा पडला असेल तर तो भाग खरवडून काढाच. जळालेल्या फायबरमधून करंट वाहतो. मग पहिला सप्लाय थेट द्यायचा नाही, सिरीजमध्ये 60 वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब ठेवून द्यायचा. बल्ब क्षणभर चमकून विझला तर पुढचं तपासा. भक्क पेटून राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. प्लग काढा आणि पुन्हा मीटर घ्या.